सावित्रीबाई आणि प्लेगची साथ

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. जोतीरावांशी विवाहानंतर त्यांना मूल झाले नाही. अशा वेळी दुसरी बायको करण्याची तेव्हा रीत होती. जोतीरावांनी ते केले नाही. १८६३मध्ये दोघांनी पुण्यात राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नाडल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तिथे गुप्तता राखून, सुखरूप होत. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला.

१८९७च्या प्लेगमध्ये यशवंतरावांनी हडपसरजवळ वस्तीबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत. मुंढव्याच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हा शोध पुढच्या वर्षी लागला.

आपल्याला करोनात संसर्गाची वाट लवकर कळली. तरीही मूल होण्यासाठी उपचार घेणारी जोडपी अडकली, कारण स्त्रीचे वय थांबत नाही. उरणसारख्या ठिकाणाहून अशा उपचारांसाठी पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. पुन्हा साथ आली तर वेळ ठरवूनच जा, फोनवर होणारी चौकशी फोनवरच करा, मुखपट्टी लावा. ताप-खोकला असल्यास आधी कळवा. तो लपवून स्त्रीबीज काढण्यासाठी भूल घेणे धोक्याचे आहे. आणि तपासणी दोघांनीही करून घ्या. दोष एकट्या सुनेच्या माथी मारू नका.