डोळ्याने आपलेसे केलेले भिंग : सर हॅरॉल्ड रिडले

वडूज : मोतीबिंदू काढला की जाड भिंगांचा चष्मा आयुष्यभर नाकावर, हे चित्र खटाव तालुक्यातील जुन्या पिढीच्या चांगलेच परिचयाचे. आज शिबिरातून परतणारे आजोबा डोळ्यातच बसविलेल्या कृत्रिम भिंगाने नातवंडांना न्याहाळतात. या भिंगाचे जनक, ब्रिटिश नेत्रशल्यविशारद सर हॅरॉल्ड रिडले यांना मात्र त्यापायी दीर्घकाळ उपेक्षा सोसावी लागली.

रिडले यांचा जन्म १० जुलै १९०६ रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. ऑगस्ट १९४० मध्ये जखमी झालेले गॉर्डन क्लीव्हर हे त्यांपैकीच एक. परकी वस्तू गेली की डोळा लाल होऊन सुजतो; ॲक्रिलिकचे हे तुकडे मात्र वर्षानुवर्षे निमूट पडून राहिल्याचे रिडले यांनी हेरले. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाहीत, या एका विद्यार्थ्याच्या शंकेने त्यांच्या विचाराला चालना दिली.

रेनर कंपनीचे जॉन पाईक यांच्या साह्याने भिंग तयार झाले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षांच्या महिलेवर शस्त्रक्रिया झाली. ८ फेब्रुवारी १९५० रोजी भिंग कायमचे बसविण्यात आले. त्याची शक्ती चुकल्याने रुग्णास तीव्र लघुदृष्टी आली. पुढे काही रुग्णांची भिंगे सरकली, काहींच्या डोळ्यांत दाह झाला. भिंगावर राहिलेला जंतुनाशकाचा अंश हे दाहाचे एक कारण मानले गेले. ॲक्रिलिकची निवड योग्य होती. पण डोळ्याचा थेट संबंध येतो तो भिंगाच्या पृष्ठभागाशी, हा धडा त्यातून मिळाला.

तत्कालीन ख्यातनाम नेत्रतज्ज्ञ सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांच्यासह अनेकांनी विरोध केला. रिडले डगमगले नाहीत. १९८० च्या दशकात भिंगावर हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचा लेप देण्याचे तंत्र आले. त्यामुळे पृष्ठभाग जलस्नेही होऊन दाहकारक पेशी त्यावर कमी चिकटतात. मधुमेही रुग्णांसारख्या दाहाचा धोका अधिक असलेल्या डोळ्यांसाठी अशा भिंगांचा विचार झाला.

रॉयल सोसायटीने १९८६ मध्ये रिडले यांना सदस्यत्व दिले. २००० मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसविण्यात आली. २५ मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या कल्पनेसाठी त्यांनी टीका झेलली, तिनेच अखेरीस त्यांना दृष्टी दिली.