रेड्याच्या मस्तकावरचा हात

यंदा आमच्या हॉस्टेलमध्ये कॅरम मागे पडलाय आणि सुपरहीरोंचा रोलप्लेइंग गेम जोरात आहे. भायखळ्याच्या उकाड्यात पंख्याखाली टेबल ओढायचं, फासे, कागद, पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येकाने पॉइंट मोजून आपल्या हीरोसाठी शक्ती विकत घ्यायच्या. १९८१ सालच्या ‘चॅम्पियन्स’ या गेमपासून एक नियम चालत आलाय. मनावर चालणारी शक्ती नजरेच्या टप्प्यात कुठेही चालते, पण ती फक्त स्पर्शानेच चालेल असं ठरवलं तर स्वस्तात मिळते. कारण उघड आहे. हात लावायचा तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की मार बसतो.

या नियमावर वाद घालताना मला जो माणूस आठवला तो कॉमिक्समधला नव्हता. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात तेरावं शतक म्हणजे दिल्लीचे सुलतान, संपलं. ज्ञानेश्वर मला भेटले ते आजीच्या गोष्टींत, आणि नीट वाचले ते इथे आल्यावर. त्यांना सुपरहीरो म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण स्पर्श स्वस्त की महाग, हे त्यांच्या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे सापडत नाही.

वडील विठ्ठलपंत मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे. लग्न झालेलं असताना काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला, आणि गुरूंना खरी गोष्ट कळल्यावर त्यांच्याच आज्ञेने परत संसारात आले. संन्याशाने संसार करायचा हा त्या काळी गुन्हाच. आळंदीने कुटुंब वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चारही मुलं संन्याशाची पोरं ठरली. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७, म्हणजे इसवी सन १२७५ चा मानतात. पुढे मुलांना तरी समाजात घेतील म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. तरीही घेतलं नाही. वाळीत टाकणं म्हणजे नुसतं बोलणं बंद नव्हे. पाणी, पंगत, मुंज सगळं बंद. थोडक्यात, शिवायचं नाही.

अशी ही पोरकी मुलं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली. महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या ‘भक्तविजया’मुळे पुढची कथा घरोघरी पोचली, आणि प्रभातच्या १९४० च्या सिनेमाने तर ती दाखवलीच. सर्वांत एकच आत्मा आहे असं ज्ञानदेव म्हणाले, तेव्हा कुणीतरी जवळून चाललेल्या रेड्याकडे बोट दाखवलं. त्याचंही नाव ज्ञाना. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले तर वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. मग ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद म्हणू लागला.

गेम रचणाऱ्याच्या नजरेने बघा. दुःख इकडे आलं ते स्पर्शाशिवाय, लांबूनच. ज्ञान तिकडे गेलं ते मात्र हात ठेवल्यावर. एक्स-मेनमधली रोग, तीही १९८१ चीच, हात लावते आणि समोरच्याच्या आठवणी, ताकद सगळं ओढून घेते. इथे प्रवाह उलटा आहे, देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. आणि ज्याला शिवायला लोक तयार नव्हते, त्या मुलाने हात ठेवायला निवडलं कुणाला, तर ज्याला वेद ऐकवायचा विचारही कुणी केला नसता त्या जनावराला. चमत्कार खरा की खोटा यावर आमच्या मेसमध्ये दोन तट आहेत. मला तो वाद तितका महत्त्वाचा वाटत नाही. गोष्ट रचणाऱ्यांना पैठणच्या सभेत नेमकं काय खुपलं होतं, ते मात्र मला त्यातून कळतं.

हा हात कुठून आला? निवृत्तींना त्र्यंबकेश्वराजवळ गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली आणि ज्ञानदेवांना ती निवृत्तींकडून. मस्तकावर हात ठेवून शिष्याला जागं करणं ही त्या परंपरेतली ओळखीची रीत. शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, नऊ हजारांवर ओव्या, आणि सांगणारा पंधरा वर्षांचा. म्हणजे आपण दहावीचे क्लास लावतो त्या वयाचा! तिच्या अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला मिठी मारतो आणि जे शब्दांत मावलं नाही ते हृदयातून हृदयात जातं. मूळ गीतेत ही मिठी नाही. ती ज्ञानदेवांनी स्वतः घातली. मला विचाराल तर रेड्याच्या गोष्टीपेक्षा हा पुरावा मोठा, कारण तो त्यांच्याच ग्रंथात आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. वाघावर बसून आलेले चांगदेव, चालणारी भिंत, कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्या. याच चांगदेवांची गुरू पुढे मुक्ताबाई झाली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. मग ‘अनुभवामृत’, नामदेवांबरोबरची तीर्थयात्रा. सापशिडीचा पूर्वज असलेल्या मोक्षपटाचं श्रेयही परंपरा त्यांनाच देते, म्हणजे फाशांचा खेळ त्यांना अगदीच परका नसावा!

जुन्नरकडे आळे गावात त्या रेड्याची समाधी आहे. पैठणहून परतताना भावंडं त्याला बरोबर घेऊन निघाली आणि तिथे त्याचा देह पडला, असं सांगतात.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला, एकविसाव्या वर्षी, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत त्या प्रसंगाचं बारीक वर्णन आहे. विवरात उतरताना त्यांचा एक हात विठ्ठलाने धरला होता आणि दुसरा निवृत्तींनी.