कर्ज फेडायला निघालेला पाहुणा

मार्क ट्वेन हे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म १८३५, अमेरिकेतील मिसूरी राज्यात. लेखक म्हणून कीर्ती मिळाली, पण १८९४ मध्ये त्यांची प्रकाशनसंस्था बुडाली. कायद्याने सगळे देणे भाग नव्हते. तरी पै न् पै फेडायची असे ठरवून साठीच्या उंबरठ्यावर ते व्याख्याने देत जगभर निघाले.

जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईत उतरले. रंगीबेरंगी गर्दी, खिडकीशी कलकलणारे कावळे, साऱ्यावर त्यांनी भरभरून लिहिले. हॉटेलात एका जर्मनाने नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर मुकाट राहिला. ट्वेनना बालपण आठवले. त्यांच्या गावीही गुलाम असाच निमूट मार खात. परमुलखात आपल्या घरचा दोष पाहणारा प्रवासी विरळाच.

त्याच वर्षी थोरली मुलगी सूझी वारली. ते दुःख गिळून त्यांनी प्रवासाचे पुस्तक पुरे केले आणि १८९८ पर्यंत सारे कर्ज फेडले. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

आम्ही गुडीहत्नूरकर गणरायाकडे दरवर्षी बुद्धी मागतो. यंदा देणे फेडण्याची नियतही मागू या.