अंतर्यात्रेचा नकाशा काढणारी विदुषी : एव्हलिन अंडरहिल

१९११ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये ‘मिस्टिसिझम’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. मध्ययुगीन युरोपातील संतांच्या आंतरिक जीवनाचा इतका सविस्तर आणि इतका आत्मीय अभ्यास इंग्रजी वाचकांपुढे क्वचितच आला होता. लेखिका होत्या पस्तीस वर्षांच्या एव्हलिन अंडरहिल. त्यांच्याकडे धर्मशास्त्राची पदवी नव्हती, विद्यापीठातले पद नव्हते. आणि ज्या चर्चची ओढ लागली होती, त्याच्या दारातूनच त्या मागे फिरल्या होत्या. ईश्वराकडे जाणाऱ्या वाटेचा नकाशा काढणाऱ्या या विदुषीला स्वतःला उभे राहायला ठिकाण नव्हते. त्यांच्या आयुष्याचा खरा पेच हाच होता.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८७५ रोजी वुल्व्हरहॅम्प्टन येथे झाला. वडील आर्थर अंडरहिल हे नामांकित कायदेपंडित. एव्हलिन त्यांचे एकुलते अपत्य. घरात धर्माचे वातावरण फारसे नव्हते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या महिला विभागात त्यांनी इतिहास आणि वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढे आईसोबत इटलीच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथली जुनी चर्चे, भित्तिचित्रे, मूर्ती पाहताना या कलेच्या मुळाशी असलेली श्रद्धा त्यांना खुणावू लागली. आरंभी त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, काही काळ गूढविद्येच्या एका मंडळातही त्या वावरल्या. पण चमत्कार आणि मंत्रतंत्र यांनी त्यांचे समाधान झाले नाही.

१९०७ च्या आरंभी साउथॅम्प्टन येथील फ्रान्सिस्कन जोगिणींच्या मठात त्या काही दिवस राहिल्या. तेथून परतताना रोमन कॅथलिक पंथात आपले स्थान आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. बालपणापासूनचे स्नेही ह्यूबर्ट स्टुअर्ट मूर यांच्याशी त्यांचा विवाह त्याच वर्षी होणार होता. व्यवसायाने वकील असलेल्या ह्यूबर्ट यांना या निर्णयाने धक्का बसला. पापनिवेदनाच्या प्रथेमुळे पतिपत्नींमध्ये एक धर्मगुरू कायमचा येऊन बसेल, ही त्यांची भीती होती. एव्हलिन यांनी थांबायचे ठरवले. जुलैमध्ये विवाह झाला. सप्टेंबरमध्ये पोप दहावे पायस यांनी आधुनिक विचारांच्या कॅथलिक अभ्यासकांचा कठोर निषेध करणारे परिपत्रक काढले. चिकित्सक बुद्धी गहाण टाकून त्या पंथात जाणे आता अंडरहिल यांना शक्य वाटेना. प्रवेश कायमचाच राहिला.

याच अधांतरी अवस्थेत ‘मिस्टिसिझम’ लिहिला गेला. नऊ वर्षांपूर्वी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी धर्मानुभवाच्या विविधतेवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला होता आणि गूढानुभूतीची चार लक्षणे सांगितली होती. अंडरहिल यांना ती पुरेशी वाटली नाहीत. त्यांच्या मते गूढवाद म्हणजे क्षणिक अनुभव नव्हे, तर सबंध आयुष्य घडवणारी वाट. तो सिद्धांत नव्हे, आचरण आहे. आणि त्याच्या मुळाशी स्वार्थ नसून प्रेम आहे. या वाटेचे पाच टप्पे त्यांनी मांडले : आत्म्याची जागृती, शुद्धी, प्रकाश, अंधारी रात्र आणि ईश्वराशी ऐक्य. प्रकाशानंतर पुन्हा अंधार येतो आणि तोही वाटेचाच भाग असतो, ही त्यातली सर्वांत मोलाची मांडणी.

या मांडणीचा आधार होता चौदाव्या शतकातील साक्षी. प्लेग आणि युद्धे यांनी युरोप पोळून निघत असतानाच तिथे अंतर्मुख साधनेचे मोठे पीक आले होते. नॉर्विचमधील कोठडीत एकान्त साधना करणारी ज्युलियन, यॉर्कशायरचा रिचर्ड रोल, शांत वृत्तीचा मार्गदर्शक वॉल्टर हिल्टन, ब्रसेल्सजवळच्या अरण्यात राहणारा रॉइसब्रुक, सिएनाची कॅथरिन या साऱ्यांना अंडरहिल यांनी सामान्य वाचकांपर्यंत आणले. १९१२ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियममधील हस्तलिखितावरून ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हा अज्ञात लेखकाचा मध्ययुगीन ग्रंथ संपादित केला. बुद्धीने ईश्वर हाती लागत नाही. साधक आणि ईश्वर यांच्यामधला न जाणण्याचा मेघ केवळ प्रेमच भेदू शकते, हे त्या ग्रंथाचे सार. पुढे १९२३ मध्ये हिल्टनच्या ‘द स्केल ऑफ परफेक्शन’चे संपादनही त्यांनी केले.

याच काळात भारताशी त्यांचे नाते जुळले. लंडनला आलेल्या रवींद्रनाथ टागोरांना कबीराच्या शंभर पदांच्या इंग्रजी अनुवादात अंडरहिल यांनी साह्य केले आणि त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. देवेंद्रनाथ टागोरांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी आवृत्तीलाही त्यांची प्रस्तावना आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती संत वाचून तयार झालेली दृष्टी त्यांनी काशीच्या विणकराकडे वळवली आणि तिथेही तीच तळमळ ओळखली.

पहिल्या महायुद्धात त्यांनी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केले. बाहेरून सारे सुरळीत होते, आत मात्र कोरडेपणा दाटत होता. ज्या अंधाऱ्या रात्रीचे वर्णन त्यांनी पुस्तकात केले होते, ती आता त्यांच्याच वाट्याला आली. १९२१ मध्ये त्यांनी कॅथलिक विचारवंत बॅरन फ्रीडरिश फॉन ह्यूगेल यांचे मार्गदर्शन स्वीकारले. ह्यूगेल यांचे निदान स्पष्ट होते : ही साधना फार बुद्धिनिष्ठ आहे, तिला माणसांचा स्पर्श नाही. त्यांनी आणखी ग्रंथ वाचायला सांगितले नाहीत. आठवड्यातून दोन दिवस गरिबांच्या घरी जायला सांगितले. लंडनच्या उत्तर केन्सिंग्टन भागातील दरिद्री वस्तीत अंडरहिल जाऊ लागल्या. चर्च ऑफ इंग्लंड या आपल्या मूळ चर्चमध्येही त्या परतल्या. १९२५ मध्ये ह्यूगेल गेले, पण त्यांनी लावलेले वळण टिकले.

त्यानंतरच्या अंडरहिल निराळ्या आहेत. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी व्याख्याने दिली. एसेक्समधील प्लेशी या खेड्यातील साधनागृहात १९२४ पासून त्या एकान्त शिबिरे घेऊ लागल्या. स्त्रीने धर्मोपदेश करणे त्या काळच्या चर्चमध्ये दुर्मीळ होते. तरी शिक्षिका, गृहिणी आणि धर्मगुरूही त्यांचे ऐकायला येत. भाषा सोपी झाली, उदाहरणे घरगुती झाली. असामान्य संतांचा अभ्यास करणारी लेखिका आता सामान्य माणसाच्या प्रार्थनेविषयी बोलू लागली. १९३६ मध्ये आलेला ‘वर्शिप’ हा ग्रंथ या वळणाचे फळ. त्यात विषय एकट्या साधकाचा नाही, एकत्र जमलेल्या उपासकांचा आहे.

शेवटची कसोटी दुसऱ्या महायुद्धाची होती. पहिल्या युद्धात सरकारी काम केलेल्या अंडरहिल आता निःसंदिग्ध शांतिवादी झाल्या होत्या. बॉम्बहल्ल्यांच्या छायेतील इंग्लंडमध्ये ही भूमिका एकाकी पाडणारी होती. १९४० मध्ये चर्च आणि युद्ध या विषयावरील पुस्तिकेत त्यांनी ती उघडपणे मांडली. दम्याने प्रकृती खंगली होती. तरीही प्रार्थनेसाठी जमणाऱ्या स्त्रियांच्या एका लहान गटाला त्या नियमित पत्रे लिहीत राहिल्या.

१५ जून १९४१ रोजी हॅम्पस्टेड येथे त्यांचे निधन झाले. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात आज हा त्यांचा स्मरणदिन आहे. त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी खासगी वह्या छापल्या गेल्या, तेव्हा इतरांना धीर देणारी ही स्त्री स्वतः किती शंकांशी झगडत होती, हे उघड झाले. त्यामुळे त्यांची थोरवी उणावली नाही. वाटेचा नकाशा काढणाऱ्याने ती वाट स्वतः चालूनही पाहिली, एवढेच त्या वह्यांनी सिद्ध केले.