श्रीमद् राजचंद्र : व्यवहारातील एकांतसाधक

जैन श्रावकाच्या आचारधर्मात सामायिकाला फार मोठे स्थान आहे. दोन घटिका, म्हणजे अवघी अठ्ठेचाळीस मिनिटे, सर्व पापव्यापारांचा त्याग करून समभावात बसावे, एवढाच हा नियम. सांगायला सोपा, पण पाळायला अवघड. दुकानाची वेळ, उधारीची वसुली, हंगामाची धावपळ, मुलांची शिक्षणे, घरातील कार्ये यांतून या दोन घटिका काढायच्या कशा, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील श्रावकापुढे उभा राहिला आहे. निवृत्तीनंतर पाहू, असे त्याचे उत्तर बहुधा दिले जाते. मात्र मुंबईच्या जवाहिर बाजारात प्रत्यक्ष व्यापार करीत असताना ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या जीवनातून दिले, असे एक गृहस्थ श्रावक होऊन गेले. ते म्हणजे श्रीमद् राजचंद्र.

बालपण आणि कीर्ती

श्रीमदांचा जन्म सौराष्ट्रात मोरबीजवळील ववाणिया या बंदराच्या गावी विक्रम संवत १९२४ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे नोव्हेंबर १८६७ मध्ये झाला. वडील रवजीभाई मेहता, माता देवबाई. आजोबा कृष्णभक्त होते आणि मातेकडून जैन संस्कार लाभले. त्यामुळे दोन्ही परंपरांची ओळख त्यांना लहानपणीच झाली. प्रतिक्रमणसूत्रात सर्व जीवांविषयी व्यक्त झालेली मैत्रीची भावना वाचून त्यांचे मन जैन धर्माकडे ओढले गेले.

वयाच्या सातव्या वर्षी गावातील अमीचंद नावाचे परिचित गृहस्थ सर्पदंशाने निवर्तले. मृत्यू म्हणजे काय, हे त्या बालमनाला ठाऊक नव्हते. स्मशानाजवळच्या बाभळीच्या झाडावर चढून त्यांनी जळती चिता पाहिली आणि आपल्या ओळखीच्या माणसाला लोक का जाळतात, या विचारात ते बुडून गेले. त्याच विचारातून त्यांना पूर्वजन्मांचे स्मरण झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एकाग्र, एकांतातील विचार जीवनाची दिशा बदलू शकतो, याची ही त्यांच्या आयुष्यातील पहिली खूण होय.

किशोरवयात ते वडिलांच्या दुकानात बसत. तराजूने कोणाला कमी-जास्त तोलून दिले नाही, असे त्यांनी पुढे बावीसाव्या वर्षी लिहिलेल्या आपल्या पूर्वायुष्याच्या वृत्तांतात नमूद केले आहे. त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती. १८८७ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचे प्रयोग केले, म्हणजे शंभर निरनिराळ्या गोष्टींकडे एकाच वेळी अवधान ठेवून त्या बिनचूक परत सांगितल्या. त्यावेळी त्यांचे वय अवघे एकोणीस होते. सुवर्णपदक मिळाले, वृत्तपत्रांत नाव गाजले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन हे प्रयोग करण्याविषयी सुचविले.

हीच त्यांच्या जीवनातील पहिली मोठी कसोटी ठरली. एकीकडे देशविदेशातील कीर्ती आणि धन, दुसरीकडे आत्मकल्याण. श्रीमदांनी युरोपचा प्रवास नाकारला आणि लवकरच अवधानाचे जाहीर प्रयोगही कायमचे बंद केले. कीर्तीचा गलबला आत्मविचाराला बाधक आहे, हा निर्णय विसाव्या वर्षी घेणारा तरुण विरळाच म्हणावा लागेल.

सामायिकाचे मर्म

या निर्णयाची मुळे आधीच्या अभ्यासात होती. वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांनी अवघ्या तीन दिवसांत ‘मोक्षमाला’ हा एकशे आठ पाठांचा ग्रंथ रचला होता. त्यातील तीन पाठ केवळ सामायिकावर आहेत. मनाचे दहा, वचनाचे दहा आणि कायेचे बारा, अशा बत्तीस दोषांची परंपरागत चर्चा त्यांत आहे. परंतु श्रीमद् एवढ्यावर थांबत नाहीत. वेळ संपण्याची वाट पाहत बसल्याने सामायिकाचा हेतू साधत नाही, त्या वेळात शास्त्राचा पाठ, कायोत्सर्ग, वैराग्याचे चिंतन आणि शिकलेल्याची उजळणी करावी, असे ते सुचवितात. बाहेरची शांतता म्हणजे केवळ मोकळी जागा. त्या जागेत आपला विचार नेऊन बसविल्याशिवाय तिचा लाभ होत नाही, हा त्याचा भावार्थ.

पेढी आणि नोंदवही

१८८८ मध्ये श्रीमदांचा विवाह झबकबाईंशी झाला. त्यानंतर मुंबईत रेवाशंकर जगजीवन यांच्या जवाहिराच्या पेढीत ते भागीदार झाले. हिरे-मोत्यांचा व्यापार म्हणजे डोळ्यांची परीक्षा आणि शब्दाची पत. एका नजरेची चूक हजारोंचे नुकसान करून जाते. अशा व्यापारात श्रीमदांचा लौकिक निष्णात पारखी आणि सचोटीचा व्यापारी असाच होता.

एका व्यापाऱ्याने त्यांच्याशी ठरावीक भावाने जवाहिर देण्याचा करार केला होता. पुढे भाव इतके चढले की करार पुरा केला असता तर त्या माणसाचे घरदार गेले असते. हे कळताच श्रीमद् स्वतः त्याच्याकडे गेले आणि कराराचा कागद त्यांनी फाडून टाकला. चरित्रकारांनी नोंदविलेला हा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. असा निर्णय क्षणात घेता येतो तो मन आधीपासून स्वच्छ असेल तरच. नफ्याचा आणि धर्माचा हिशेब रोज मांडणाऱ्यालाच असा कागद फाडणे जमते.

हा रोजचा हिशेब श्रीमद् कसा मांडीत, ते महात्मा गांधींनी जवळून पाहिले. जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेले मोहनदास गांधी मुंबईत डॉ. प्राणजीवनदास मेहता यांच्या घरी उतरले आणि तेथेच त्यांची श्रीमदांशी भेट झाली. गांधीजींनी आत्मकथेत एक स्वतंत्र प्रकरण रायचंदभाईंवर लिहिले आहे. लाखोंचे सौदे करणाऱ्या या जवाहिऱ्याच्या बैठकीवर एखादे धर्मपुस्तक आणि एक वही नेहमी ठेवलेली असे. व्यवहाराचे बोलणे संपताच तो पुस्तक उघडी किंवा वहीत आपले विचार लिहू लागे, हे त्यांनी पाहिले होते. पुढच्या ग्राहकाची वाट पाहण्याचा जो वेळ इतर व्यापारी गप्पांत घालवितात, तोच वेळ श्रीमदांनी आत्मविचाराला दिला.

श्रीमदांच्या अशा तीन खासगी नोंदवह्या उपलब्ध आहेत. पेढीच्या वहीत जशी आवक-जावक, तशी या वह्यांत स्वतःच्या परिणामांची तपासणी दिसते. मन कोठे अडकले, कोणती वासना शिल्लक आहे, पुढे काय करायचे आहे, असे प्रश्न ते स्वतःलाच विचारताना आढळतात. विक्रम संवत १९४७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आपल्याला शुद्ध समकिताचा प्रकाश लाभला, असे त्यांनी स्वतःच्या काव्यात नोंदविले आहे. हा प्रकाश वनातील तपस्व्याला नव्हे, तर चालू पेढीवर बसणाऱ्या गृहस्थाला लाभला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दरवर्षीचा एकांत

रोजच्या या साधनेला श्रीमदांनी वार्षिक एकांताची जोड दिली. पेढीच्या कामातून सवड काढून ते काही दिवस, पुढे काही महिने, गुजरातमध्ये जाऊन राहत. खंभातजवळील राळज आणि वडवा, तसेच काविठा, आणंद, वसो, उत्तरसंडा, खेडा ही चरोतर भागातील गावे त्यांच्या निवासाने पावन झाली. ईडर संस्थानात डॉ. प्राणजीवनदास मेहता मुख्य वैद्यकीय अधिकारी असताना ते तेथेही गेले आणि डोंगरातील गुहा व शिळांवर एकटेच ध्यानात बसले. आपल्या येण्याचा गाजावाजा होऊ नये, याची ते काळजी घेत. पुढे तेथेच लल्लूजी महाराजांसह सात मुनींना त्यांनी डोंगरावर बोध केला.

या एकांताचे सर्वांत मोठे फळ १८९६ साली जैन समाजाला मिळाले. सायल्याचे वयोवृद्ध मुमुक्षू सौभाग्यभाई यांची एक विनंती होती. आत्म्याच्या सहा पदांविषयी श्रीमदांनी गद्यात लिहिलेले पत्र पाठ करणे कठीण जाते, तेव्हा तोच विषय पद्यात मिळावा. त्या वर्षी श्रावणापासून आश्विनापर्यंत श्रीमद् काविठा, राळज, वडवा, आणंद अशा ठिकाणी निवृत्तीत राहिले होते. आश्विन वद्य प्रतिपदेच्या संध्याकाळी नडियाद येथे ते लिहावयास बसले. खंभातचे अंबालालभाई कंदील हातात धरून उभे राहिले आणि अवघ्या दीड-दोन तासांत एकशे बेचाळीस गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ पूर्ण झाले. आत्मा आहे, तो नित्य आहे, तो कर्ता आहे, तो भोक्ता आहे, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपाय आहे, या सहा पदांची गुरू-शिष्य संवादरूपाने केलेली ही सिद्धी आजही हजारो घरांत नित्य म्हटली जाते.

दोन तासांत एवढे शास्त्र कसे उतरले, याचे अनेकांना नवल वाटते. पण त्या दोन तासांमागे अनेक वर्षांची रोजची वही होती आणि आधीच्या महिन्यांची निवृत्ती होती. सूत आधीच कातून ठेवलेले असेल तर वस्त्र विणायला वेळ लागत नाही.

दुसऱ्यांना मिळालेली दिशा

ज्याला स्वतःची वाट स्पष्ट दिसते, तोच दुसऱ्याला वाट दाखवू शकतो. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या गांधीजींच्या मनात १८९४ च्या सुमारास धर्माविषयी मोठे द्वंद्व उभे राहिले. ख्रिस्ती मित्रांचा आग्रह वाढत होता. त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून श्रीमदांकडे पाठविले. ऑक्टोबर १८९४ मध्ये श्रीमदांनी मुंबईहून त्यांची सविस्तर उत्तरे दिली आणि धीर धरून हिंदू धर्माचा खोल अभ्यास करण्यास सुचविले. गांधीजींचे मन त्यामुळे स्थिरावले. आपल्या जीवनावर खोल ठसा उमटविणाऱ्या तीन आधुनिक व्यक्तींत त्यांनी टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्याबरोबर रायचंदभाईंचे नाव घेतले आहे. समुद्रापलीकडे एका तरुण बॅरिस्टरची नौका डगमगत असताना तिला सुकाणू मिळाले, ते जवाहिर बाजारातील एका पेढीवरून.

अपुरी राहिलेली इच्छा

असे असले, तरी श्रीमदांचा मार्ग सुकर नव्हता. सर्वसंगपरित्याग करून निर्ग्रंथ व्हावे, ही त्यांची तळमळ होती. घरात पत्नी, मुले, वृद्ध माता-पिता. पेढीत भागीदारांचा विश्वास आणि दिलेले शब्द. हे सारे अर्धवट टाकून निघून जाणे त्यांना उचित वाटले नाही. व्यापाराच्या उपाधीचा भार त्यांनी सौभाग्यभाई आदींना लिहिलेल्या पत्रांतून पुनःपुन्हा व्यक्त केला आहे. पूर्वकर्माचा उदय समजून तो भार समभावाने वाहायचा आणि आतून अलिप्त राहायचे, हा त्यांनी स्वीकारलेला मार्ग होता. जबाबदाऱ्या क्रमाने आवरत आणत १८९९ च्या सुमारास त्यांनी व्यापारातून निवृत्ती घेतली. परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना करून प्राचीन शास्त्रग्रंथांच्या प्रकाशनाची व्यवस्था लावली.

पण तोपर्यंत शरीर थकले होते. ज्या पूर्ण एकांतासाठी त्यांनी वर्षानुवर्षे वाट मोकळी केली, तो हाती येतो न येतो तोच आजाराने त्यांना गाठले. वढवाण येथे काढलेली त्यांची पद्मासनातील आणि कायोत्सर्ग मुद्रेतील छायाचित्रे अनेक घरांत पाहायला मिळतात. त्यांत हाडांचा सापळा झालेली काया दिसते, पण मुद्रेवरची शांती तिळमात्र ढळलेली नाही. मंगळवार, ९ एप्रिल १९०१ रोजी, चैत्र वद्य पंचमीस, दुपारी दोनच्या सुमारास राजकोट येथे त्यांनी समाधिभावात देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते.

बोध

श्रीमदांनी एकांत केवळ निवृत्तीनंतरच्या काळासाठी राखून ठेवला असता, तर ना ‘आत्मसिद्धी’ झाली असती, ना गांधीजींना उत्तर मिळाले असते, कारण निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला दोन वर्षेही आली नाहीत. जे काही साधले, ते व्यवहार चालू असतानाच साधले. दोन ग्राहकांच्या मधली काही मिनिटे, रोजच्या दोन घटिका आणि वर्षातील थोडे दिवस, एवढ्या भांडवलावर हे आयुष्य उभे राहिले.

श्रीमदांची प्रज्ञा सामान्य श्रावकाला लाभणार नाही. परंतु त्यांची शिस्त कोणालाही उचलता येते. दुकानाचे फळीदार उघडण्यापूर्वी किंवा दिवसाचा मेळ बसविल्यानंतर आसन अंथरावे, मुखवस्त्रिका हाती घ्यावी, मोबाइल दूर ठेवावा आणि अठ्ठेचाळीस मिनिटे स्वतःच्या आत पाहावे. आज कोणावर रागावलो, कोणाचे घेणे मनातून फेडलेले नाही, आपण नेमके कोठे चाललो आहोत, हे प्रश्न एका साध्या वहीत लिहावेत. पर्युषणात तरी चार दिवस पूर्ण निवृत्तीत काढावेत. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी प्रत्येक घरात एक आसन आणि एक वही एवढी जरी कायमची मांडली गेली, तरी या महापुरुषाचे स्मरण सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!