रे. नारायण वामन टिळक ह्यांचे घर

इंद्रायणीकाठी देहू-आळंदीच्या आसपास व चाकणच्या बाजूस राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांस टाळ-मृदंगाचा नाद परका नाही. तो नाद प्रभूच्या उपासनेत ज्यांनी मोकळेपणी आणिला, त्यांचे नाव ठाऊक नाही असा ख्रिस्ती मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. परंतु गीते सर्वांस पाठ असली तरी ज्या घरात त्यांच्या विश्वासाची पारख झाली, त्या घराविषयी फार थोडे बोलले जाते.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन ब्राह्मणाच्या कुळात झाला. नाशकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे लक्ष्मीबाई. पतीचा स्वभाव उदार, पण तापट. पैसा हाती टिकत नसे, व नोकरीही फार दिवस टिकत नसे. अशा माणसाबरोबर संसार करणे सोपे नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण अशा गोष्टी झाकितो, त्याने कोणाचेच हित होत नाही.

1893 साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. तो वाचिता वाचिता डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरिले. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीस अगोदर कळविले नव्हते. बातमी ऐकून लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास गेल्या व पुष्कळ काळ पंढरपुरास राहिल्या. आपल्यापैकी ज्यांच्या घरी एकाने प्रभूस मानिले व दुसऱ्याने मानिले नाही, त्यांस ही वेदना निराळी समजावून द्यावयास नको.

बाटलेल्या पतीकडे पत्नी येत नसेल, तर विवाह मोडण्याची वाट 1866 च्या कायद्याने मोकळी करून दिली होती. टिळक त्या वाटेस गेले नाहीत. ते अहमदनगरास राहून पत्रे लिहीत, भेटावयास जात, आणि वाट पाहत. अशी चार-पाच वर्षे लोटली. माझ्या मते त्यांची सर्व प्रवचने एकीकडे ठेविली, तरी हे वाट पाहणे पुरे आहे.

अखेरीस लक्ष्मीबाई नगरास आल्या, पण आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यांच्या चुलीवर जबरी केली नाही. जातिभेद हा देवाचा नव्हे, माणसाचा, असे राहुरीस असता त्यांचे त्यांसच उमगले, आणि इतरांच्या हातचे अन्नपाणी त्या घेऊ लागल्या. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ज्या घरात पूर्वी परक्याची सावली चालत नसे, त्याच घरात पुढे निराधार मुले वाढली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हेही त्यांच्या घरी पुत्रासारखे राहिले. ते हिंदूच होते व हिंदूच राहिले.

1904 साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ज्ञानोदयाचा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. ख्रिस्ती होण्यास परदेशी पोशाख व परदेशी चालीच पाहिजेत हे त्यांस मान्य नव्हते. म्हणून भजन, कीर्तन व अभंग ह्यांस त्यांनी मंदिरात स्थान दिले. तो नवा पायंडा सर्वांसच रुचला असे नाही. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडिली व देवाचा दरबार स्थापिला. ख्रिस्तास गुरू मानणारा मनुष्य, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्यात बसू शकत असे. हा विचार कितपत योग्य, ह्याविषयी पाळकांत आजही दोन मते निघतील. परंतु ज्याने आपल्याच घरी पत्नीच्या मनाची वाट पाहिली, त्याने हे दार उघडे ठेविले ह्यात नवल नाही.

9 मे 1919 रोजी मुंबईस टिळक निवर्तले. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, ख्रिस्तायन, आरंभीचे काही अध्याय होऊन अपुरे राहिले होते. ते पुढे लिहून काढिले लक्ष्मीबाईंनी. त्यांचे शाळेतील शिक्षण नाहीसेच होते, आणि अक्षरओळख करून दिली होती ती पतीनेच.