सर ख्रिस्तोफर रेन व त्यांचीं मंदिरें

ज्यांचीं मंदिरें एका अग्नीच्या राखेंतून उठलीं व दुसऱ्या अग्नींत जळालीं, अशा एका शिल्पकाराचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

ख्रिस्तोफर रेन ह्यांचा जन्म १६३२ सालीं इंग्लंडांत एका पाळकाच्या घरीं झाला. प्रथम ते खगोलशास्त्राचे अध्यापक होते. १६६६ सालीं लंडन शहरास मोठी आग लागून सेंट पॉलचें जुनें महामंदिर व दुसरीं ८७ मंदिरें भस्म झालीं. त्यांपैकीं ५१ मंदिरें व महामंदिर नव्यानें उभारण्याचें काम रेनसाहेबांकडे आलें. त्याच्या खर्चासाठीं दगडी कोळशावर जकात बसविण्यांत आली. महामंदिराचा पाया १६७५ सालीं घातला गेला. काम लांबलें म्हणून १६९७ सालीं पार्लमेंटानें त्यांचा निम्मा पगार अडकवून ठेविला. तरी त्यांनीं काम सोडिलें नाहीं. पुढें वृद्धपणीं, १७१८ सालीं, त्यांना सरकारी हुद्द्यावरून काढण्यांत आलें. १७२३ सालीं, नव्वद वर्षांचे होऊन, ते निवर्तले. सेंट पॉलच्या तळघरांत एका साध्या काळ्या दगडाखालीं त्यांचा देह ठेविला आहे.

त्यानंतर २१७ वर्षांनीं, ता. २९ डिसेंबर १९४० रोजीं, रविवारीं सायंकाळीं, जर्मन विमानांनीं लंडनवर आग लावणारे हजारों बाँब टाकिले. ह्यांतील लहान बाँब सुमारें एक किलो वजनाचा असे. छपरावर पडतांच कोणी जवळ असला तर तो वाळूनें विझवितां येई. नसला तर तुळया पेट घेत. सुटीमुळें पुष्कळ इमारतींस कुलपें होतीं, व नदीस ओहोटी असल्यामुळें पाणीही पुरेना. त्या एका रात्रींत रेनसाहेबांचीं आठ मंदिरें जळालीं. सेंट ब्राइडचें मंदिर १९५७ सालीं पुन्हां उघडलें. कोलमन स्ट्रीटवरील सेंट स्टीफनचें मंदिर मात्र पुन्हां बांधिलें गेलें नाहीं.

सेंट पॉलच्या घुमटांतही एक बाँब रुतला व शिसें वितळूं लागलें. परंतु तेथें स्वयंसेवक रात्रभर जागे होते. बाँब खालच्या सज्जांत पडतांच तो विझविण्यांत आला आणि महामंदिर वांचलें.

हा अग्नि एकाच राष्ट्रानें लाविला असें नव्हे. १९४२ सालीं ब्रिटिश विमानांनीं ल्युबेक शहरावर असेच बाँब टाकिले व तेथील सेंट मेरीचें प्राचीन मंदिर जळालें.

बंधुभगिनींनो, रेनसाहेबांनीं पस्तीस वर्षें खपून जें बांधिलें, तें एका रात्रींत गेलें असतें. कुशल हातांनीं तें उभें केलें. जागणाऱ्या डोळ्यांनीं तें राखिलें. मंडळीस दोहोंचीही गरज आहे.